वैद्यबुवांचा पहारेकरी

ऑफिसात त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणायचे. नाडी कोणाची बघायचे नाहीत, बघायचे ते आजारी प्रोग्राम. एखादा प्रोग्राम सुस्तावला, अडखळायला लागला, चालता चालता मान टाकायला लागला, की लोक त्यांच्या टेबलापाशी येऊन म्हणायचे, "बुवा, जरा बघता का?" मग बुवा आधी चष्मा पुसायचे. चष्मा पुसल्याशिवाय निदान करायचं नाही असा जणू नियमच होता. पुसून झाला की दोनचार प्रश्न विचारायचे, हुं हुं करायचे, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुखणं कुठे आहे ते सांगून मोकळे व्हायचे. पन्नाशी उलटलेली. बरोबरीचे बाकीचे केव्हाच साहेब होऊन काचेच्या खोलीत जाऊन बसले होते. बुवांना काचेच्या खोलीचा मोह नव्हता, पण "बुवांनी सांगितलं म्हणजे झालं" हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा भारी मोह होता. दिवसातून एकदा तरी ते कानावर पडलं नाही तर त्यांना चहा बेचव लागायचा.

त्यांची खासियत म्हणजे गळती. आता छपराची गळती सगळ्यांना कळते, पण मेमरीची गळती म्हणजे काय ते सांगायला हवं. एखादं मोठं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. मांडणीवर भांडी आहेत. जो तो लागेल तसं भांडं उचलतो, काम झालं की खाली ठेवतो, आणि घासणारा ते घासून पुन्हा मांडणीवर लावतो. असं फिरत राहिलं तर चार पातेल्यांत गावजेवण निघेल. मात्र घासणाऱ्याची एक अट असते: तुमच्या हातातलं भांडं तो ओढून घेणार नाही. तुम्ही सोडलंत तर तो उचलेल. आणि एखादा महाभाग काम संपल्यावरही भांडी कवटाळून बसला, की मांडणी रिकामी, आणि चहा टाकायला पातेलं नाही. प्रोग्रामचं अगदी असंच असतं. काम झालेली वस्तू कोणीतरी सोडायची विसरलं की जागा भरत जाते, प्रोग्राम फुगतो, धापा टाकतो आणि शेवटी गोठतो. भांडी कवटाळून बसलेला तो महाभाग कोण, हे हुडकून काढण्यात वैद्यबुवांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे खरंच आहे, ते नाकारायचं कारण नाही.

या कामासाठी त्यांनी स्वतः एक छोटासा प्रोग्राम लिहून ठेवला होता. त्याला ते लाडाने "आपला पहारेकरी" म्हणायचे. कुठलंही नवं काम हाती आलं की पहिल्यांदा पहारेकरी आत सोडायचा. आत जी वस्तू तयार होईल तिच्यावर त्याची नजर, आणि कुठली वस्तू काम संपूनही रेंगाळली आहे ते तो पडद्यावर दाखवणार. बुवांचा त्याच्यावर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता.

तर झालं असं, की कंपनीने एका रुग्णालयाचं काम घेतलं. बाहेरच्या दालनात पेशंट बसतात, समोर भिंतीवर मोठा बोर्ड, त्यावर नंबर येतो, टिंग होतं, आणि ज्याचा नंबर तो उठून आत जातो. एवढंच. बोर्डाचा भाग लिहिला नव्या आलेल्या बाईंनी.

या बाई चाळिशीच्या आतबाहेरच्या. लग्नानंतरही चांगली नोकरी करत होत्या, पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सुटली. सासूबाईंचं सगळं बाईंनी केलं, अगदी शेवटपर्यंत. नंतर पुन्हा कामाला लागायचं म्हणून अर्ज केला. मुलाखतीला साहेबांच्या शेजारी बुवाही बसले होते. "मधली एवढी वर्षं काय करत होतात?" असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "घरी होते." त्यावर बुवा चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे लांबलचक सुट्टीच की!" साहेब खो खो हसले. हसण्यासारखं काय होतं देव जाणे. पण बुवांनी ते चार ठिकाणी सांगितलं, आणि बाई कामावर रुजू व्हायच्या आधीच त्यांचं नाव पडून गेलं होतं: सुट्टीवाल्या बाई.

बोर्ड लागला आणि गोठायला लागला. सकाळी टुणटुणीत, आणि ऐन गर्दीत थिजलेला. लोक आ वासून एकाच नंबराकडे बघत बसलेले, आणि सिस्टर दारात उभी राहून घसा फाटेस्तोवर नंबर पुकारते आहे. रुग्णालयाचे फोनावर फोन यायला लागले. साहेबांनी बैठक बोलावली.

बुवा तयारीनिशी आले होते. त्यांनी पहारेकऱ्याची यादी भिंतीवरच्या पडद्यावर लावली. "हे बघा. प्रत्येक पेशंटमागे प्रोग्रामच्या आत एक चिठ्ठी तयार होते. पेशंट आत गेला, काम संपलं, चिठ्ठी सुटायला हवी. इथे सकाळपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या तशाच बसल्यात. आता चिठ्ठ्यांचा भाग कोणाचा?" सगळ्यांनी बाईंकडे बघितलं.

बाई म्हणाल्या, "सर, काम झालं की मी चिठ्ठी सोडून देते. पुन्हा पुन्हा तपासलंय मी. मला वाटतं मोजण्यातच कुठेतरी..."

"वा!" बुवा म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

अख्खी खोली हसली. बाईसुद्धा हसल्या. माणसाला चारचौघांत हसतात तेव्हा तो स्वतःही थोडा हसतो ना, तसं. मग त्यांनी मान खाली घातली आणि समोरचं पेन सरळ करून ठेवलं.

बोर्डाचं काम त्यांच्याकडून काढून बुवांकडे दिलं. बाईंना बसवलं मदतीची पानं लिहायला, म्हणजे "हे बटण दाबल्यास असे होईल" वगैरे. त्या अजून कायम झाल्या नव्हत्या. साहेब बुवांना म्हणाले, "महिनाअखेरीला ठरवू. तुमचं काय मत?" बुवा म्हणाले, "मत काय द्यायचं? दिसतंय ते दिसतंय." एवढ्यावर बाईंची नोकरी जाणार हे जवळजवळ नक्की झालं.

बुवांनी चिठ्ठ्यांचा भाग स्वतः नव्याने लिहिला. रुग्णालयाचे फोन हळूहळू कमी झाले. बुवा म्हणाले, "बघा, उतार पडतोय." पण ऑफिसातल्या चाचणीच्या यंत्रावर प्रोग्राम फुगायचा तो फुगतच होता. त्यांनी पुन्हा लिहिला. पुन्हा फुगला. "बाईंनी घाण फार आतपर्यंत करून ठेवलीय," असं ते टेबलाटेबलाशी जाऊन सांगू लागले. बाई हे ऐकत असणार, कारण त्यांचं टेबल काही मैलभर लांब नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्या जागेवर नसायच्या. डबा तसाच ठेवून कुठेतरी जायच्या आणि धापा टाकत परत यायच्या. बुवांनी तेवढंही सोडलं नाही. म्हणाले, "सुट्टीची सवय जाते होय इतक्या लवकर!"

एके दिवशी दुपारी सगळे चहाला खाली गेले होते, आणि बुवा इरेला पेटून एकटेच बसले होते. त्यांनी प्रोग्राममधून एकेक भाग काढायला सुरुवात केली. रंग काढले, आवाज काढला, चिठ्ठ्यांचा भागच काढून टाकला. शेवटी बोर्डाच्या कोपऱ्यातलं नुसतं घड्याळ उरलं, काटे फिरवणारं. तरी फुगतोय. बुवांनी कपाळाला हात लावला. रिकाम्या घरात भांडी कोण कवटाळून बसलंय?

यंत्र फार मंद चाललं होतं. जरा वेग यावा एवढ्याच हेतूने त्यांनी पहारेकरी बंद केला.

पडद्यावरची मेमरीची चढती रेघ आडवी झाली.

त्यांनी पहारेकरी चालू केला. रेघ चढायला लागली. बंद केला. आडवी. चालू केला. चढली.

बुवांना आधी हसू आलं. मग त्यांना आठवलं. या कामासाठी त्यांनी पहारेकऱ्यात एक सुधारणा केली होती. आधी तो नुसती नोंद घ्यायचा. यावेळी त्यांना वाटलं, वस्तूच हाताशी असली तर नंतर उघडून नीट बघता येईल. म्हणून पहारेकऱ्याने प्रत्येक वस्तू धरून ठेवायची असं त्यांनी लिहून दिलं. आणि पहारेकऱ्याने इमानेइतबारे ती धरून ठेवली, ऑफिसातही आणि प्रोग्रामबरोबर रुग्णालयात गेला तिथेही. बाईंनी चिठ्ठी सोडली, पहारेकऱ्याने नाही सोडली. वर आपल्याच बगलेतल्या चिठ्ठ्या दाखवून हाच ओरडत होता, की बघा, चिठ्ठ्या सुटत नाहीत! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि बुवा कुंपणाला साक्षीला उभं करून शेजारणीवर खटला चालवत होते.

एवढे दिवस जागोजागी शोधलं, पण पहारेकऱ्याकडे बघायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. तो आपला ना! बाईंनी चार माणसांत "मोजण्यातच कुठेतरी" म्हटलं होतं, त्यांचं वाक्य पुरं तरी होऊ द्यायचं.

त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? मान वळवून बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना. खोली रिकामी होती. दोन्ही कान तापले होते. त्यांनी पहारेकरी प्रोग्राममधून काढला, कायमचा, आणि बाकी सगळं जागच्या जागी लावलं. चिठ्ठ्यांचा भाग कुठला लावायचा, आपला की बाईंचा, इथे हात थबकला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. बाईंचा आटोपशीर होता, स्वच्छ होता. त्यांनी बाईंचाच लावला. पण लावला तोही चोरून, कोणी चहावरून यायच्या आत.

तेवढ्यात साहेब आले. पडद्यावरची आडवी रेघ बघून त्यांनी टाळीच वाजवली. "सापडलं?"

"सापडलं."

"काय होतं?"

बोलायची वेळ हीच होती. बुवांनी चष्मा सारखा केला. "होतं एक," ते म्हणाले, "आतलंच. काढून टाकलं."

"बुवांनी सांगितलं म्हणजे झालं!" साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. चहावरून परतलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एक जण तर पाया पडायचं नाटक करून गेला. ज्या वाक्यासाठी बुवांनी आयुष्य काढलं ते वाक्य आज भर ऑफिसात मिळालं, आणि त्यांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

थोड्या वेळाने बाई टेबलापाशी आल्या. हातात कोरा कागद आणि पेन. "सर, सापडलं म्हणे. माझं नक्की कुठे चुकलं होतं ते दाखवाल का? पुन्हा नको व्हायला."

बुवा चष्मा पुसायला लागले. आधीच पुसलेला होता तरी पुसत राहिले. "सांगतो नंतर," ते म्हणाले. "जरा गुंतागुंतीचं आहे."

"बरं सर," म्हणून बाई गेल्या. कागद कोराच होता.

संध्याकाळी बुवा घरी गेले तर चष्मा सापडेना. टेबलावर नाही, पिशवीत नाही. सगळं घर त्यांनी उलटंपालटं केलं. बायको पोळ्या लाटता लाटता बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, डोक्यावर काय आहे? काखेत कळसा नि गावाला वळसा!"

"बस कर!" बुवा असे ओरडले की बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं. ती शांतपणे म्हणाली, "काय झालंय?"

"ऑफिसचं आहे. तुला नाही कळायचं."

"प्रोग्राम मला कळत नाही. तुमचं तोंड कळतं."

मग त्यांनी सांगितलं. पण कसं? आमच्याकडे एक जण आहे, त्याचं असं असं झालं. बायको त्या एका जणाची सगळी हकिगत ऐकत गेली, मध्येच तव्यावरची पोळी उलटत. संपल्यावर तिने विचारलं, "मग त्याने त्या बाईला सांगितलं का?"

"नाही अजून."

"नोकरी जाईल ना तिची?"

"जाईल बहुतेक."

"मेला कुठला," बायको म्हणाली, आणि त्यांच्या पानात पोळी वाढली. तिला कळलं होतं की नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून समजेना. बुवांनी घास तोंडात घातला आणि तो तोंडातच फिरत राहिला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते त्यांना त्या पानावर बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा प्रोग्राम बसवायला ते स्वतः रुग्णालयात गेले. वाटेत ठरवत होते: बाईंना एकट्यात सांगू. किंवा साहेबांना सांगू, ते बाईंना सांगतील. किंवा न सांगता साहेबांना म्हणू, ठेवा बाईंना, मी शिकवतो. या शेवटच्या वाटेवर त्यांचं मन जरा जास्त रेंगाळलं. बाईंची नोकरीही राहील आणि आपली अब्रूही. वर उपकार केल्यासारखंही दिसेल. तेवढ्यात रुग्णालय आलं.

प्रोग्राम बसवला. बोर्ड टिंग टिंग करत धावायला लागला. सिस्टर दारात उभी होती, गळ्याला फडकं गुंडाळलेली, आवाज पार बसलेला. ती म्हणाली, "आता नाही ना बंद पडणार? मग त्या बाईंना सांगा, उद्यापासून येऊ नका म्हणावं. दगदग होते त्यांची."

"कोणत्या बाई?"

"अहो, तुमच्याच की! रोज सकाळी ऑफिसच्या आधी येतात आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा येतात. बंद करून चालू करून देतात, म्हणून तर आम्ही फोन करायचं सोडलं. आणि प्रत्येक वेळी इथे उभ्या राहून सगळ्यांची माफी मागतात. 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतोय, मला माफ करा.' मी म्हटलं, अहो, कशाला? तर म्हणाल्या, चूक माझी आहे, आमच्या मोठ्या सरांनी शोधून काढलीय."

बुवा बाकावर बसले. फोन कमी झाले ते त्यांच्या उताऱ्याने झाले नव्हते. दुपारचा डबा ठेवून बाई जात होत्या ते इथे, उन्हात, भुकेल्या पोटी, बुवांच्या चुकीची माफी मागायला. आणि आपण काय म्हणालो? सुट्टीची सवय. बुवांनी चष्मा काढला आणि पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना विचारलं, "पाणी देऊ का रे? तुझा नंबर कितवा?"

ऑफिसात पोचले तेव्हा बैठक चालूच होती. महिनाअखेर होती. साहेब शेवटच्या विषयावर आले होते आणि बाईंकडे न बघता बोलत होते, की काही निर्णय कटू असतात, कंपनीला पुढचा विचार करावा लागतो, वगैरे. बाई ताठ बसल्या होत्या. समोरचं पेन सरळ ठेवलेलं होतं.

"साहेब, थांबा," बुवा दारातूनच म्हणाले.

"या या बुवा! काय म्हणतो बोर्ड?"

"बोर्ड चाललाय. गळती पहारेकऱ्याची होती. माझ्या पहारेकऱ्याची. मीच त्याला वस्तू धरून ठेवायला सांगितलं होतं. बाईंचा भाग पहिल्यापासून बरोबर होता. आत्ता रुग्णालयात चाललाय तो त्यांचाच आहे. माझा नाही."

साहेब उठले आणि बुवांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अहो बुवा, चालायचंच. आपण आत बसून बोलू."

"आत नको. इथे हसलो होतो ना सगळे? मग हेही इथेच." बुवांचा आवाज फाटला होता. ते बाईंकडे वळले, पण नजर काही त्यांच्या चेहऱ्यापर्यंत पोचेना, पेनापर्यंतच पोचली. "बाई, अंगण सरळ होतं. नाचता मला येत नव्हतं. मला काल दुपारीच कळलं होतं. तुम्ही कागद घेऊन आलात तेव्हा मला माहीत होतं. तरी मी बोललो नाही, कारण मला लाज वाटली. माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला."

हे वाक्य ऐकून कोणी हसलं नाही. पाया पडायचं नाटक करणारा तो गृहस्थ टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला.

बाईंनी समोरचं पेन बाजूला सारलं. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, तो भाग मी रोज घरी उघडून बघायचे. चूक दिसायची नाही. मग मला वाटायचं, आपली चूकसुद्धा आपल्याला दिसत नाही, इतकी अक्कल गेलीय आपली. एवढी वर्षं घरात बसून डोकं गंजलं. मुलीला मी सांगून टाकलं, आईला आता नाही जमत." त्या थांबल्या. "तुम्ही हसलात त्याचं काही नाही. तुम्ही सांगितलंत आणि मला ते खरं वाटलं."

साहेबांनी घाईघाईने जाहीर केलं की बाई आजपासून कायम. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात. टाळ्या थांबल्यावर बाई बुवांना म्हणाल्या, "मला सांगितलंत ते बरं झालं. पण मी ज्यांची माफी मागत होते, त्यांना अजून माझीच चूक वाटतेय."

बुवा म्हणाले, "जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दालनात जाऊन उभे राहिले. बोर्ड छान चालला होता. टिंग व्हायचं, एक उठायचा, दुसरा त्याच्या जागेवर सरकायचा. बुवांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली: "ऐका जरा. मधे हा बोर्ड बंद पडायचा. एक बाई येऊन तुमची माफी मागायच्या. त्यांची चूक नव्हती. ती माझी चूक होती."

लोकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा बोर्डाकडे बघायला लागले. एकाने शेजारच्याला विचारलं, "काय विकतोय?" बुवांच्या लक्षात आलं. रुग्णालयात रोज नवी माणसं. बाईंनी ज्यांच्यासमोर हात जोडले ती कधीच घरी गेली होती, कोणी बरी होऊन, कोणी तशीच. ती आता कुठे गाठणार? एका बाईच्या मांडीवरचं पोर त्यांच्याकडे टक लावून बघत होतं, तेवढंच.

सिस्टर बसक्या आवाजात म्हणाली, "अहो, चाललाय ना बोर्ड? मग बाजूला व्हा, दिसत नाहीये लोकांना."

ते बाजूला झाले. भिंतीकडेच्या बाकावर एक आजोबा पायाला पट्टी बांधून बसले होते. पट्टी बदलायला नेहमी येणारे असावेत, कारण बाक त्यांना सवयीचा दिसत होता. त्यांनी बुवांना हाताने खुणावून शेजारी बसवलं.

"ती बाई ना? लक्षात आहे मला," आजोबा म्हणाले. "फार माफी मागायची. मी म्हटलं तिला एकदा, पोरी, तू नाही असं काही करायचीस, दुसऱ्या कोणाचं तरी असेल. तर ऐकेचना."

बुवांनी मान खाली घातली. "चूक माझी होती, आजोबा."

आजोबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. रागावले वगैरे नव्हते. त्यांना खरोखर उलगडत नव्हतं. "चूक तुमची, मग ती का येत होती?"

"मी तिला सांगितलं होतं की तिची आहे."

"आणि तिने लगेच मानलं?"

"मी मोठा ना तिथला," बुवा म्हणाले.

बोर्डावर टिंग झालं. आजोबांनी हातातली चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, नंबर जुळवला आणि उठायला लागले. बुवांनी आधाराला हात पुढे केला. आजोबांनी तो बघितला, "राहू दे, जमतं मला," म्हणाले, आणि भिंत धरून आत गेले. बुवा पुढे केलेला हात घेऊन तसेच उभे होते. मग सिस्टरने पुन्हा सांगितलं, तेव्हा बाजूला झाले.